टाकीतली साय

निवृत्त झाल्यावर नवऱ्याने विमान बांधायला घेतलं, तेव्हा मला त्यात वावगं काही वाटलं नव्हतं. आयुष्यभर तो फायबरच्या होड्या आणि पाण्याच्या टाक्या बनवणाऱ्या कारखान्यात होता. हात चांगला. घरात बसून टीव्हीवरच्या बातम्यांना शिव्या देण्यापेक्षा कुठेतरी पत्र्याच्या शेडमध्ये लाकूड तासत बसलेला बरा, असं मला वाटलं. किळस आली ती पुढे, आणि ती अजून पुरती गेलेली नाही.

शेड भाऊंची. भाऊ म्हणजे नवऱ्याचे मित्र, पनवेलच्या पलीकडच्या, खाडीकडच्या गावातले. त्यांची भातशेती आणि वडिलांचं मिठागर नव्या विमानतळात गेलं. मोबदल्यात प्लॉट मिळाले, प्लॉटवर इमारती उभ्या राहिल्या, आणि पन्नाशी उलटल्यावर हा माणूस घाटावरच्या एका क्लबात जाऊन विमान चालवायला शिकला. रीतसर परवाना काढला. गावात लोक हसले. "आमचा शेत धावपट्टीखाली गेला, आता मी वरून जातो," असं ते म्हणायचे, आणि हे ते विनोद म्हणून सांगत नसत. त्यांची होडी एकदा नवऱ्याने दुरुस्त करून दिली होती, तिथून ओळख वाढली. दोघांनी परदेशातून एका छोट्या विमानाचे नकाशे मागवले. दोन माणसांचं, लाकडाचं आणि कापडाचं, पंख डोक्यावर असलेलं. इंजिन तयार आणलं, बाकी सगळं हाताने. परवानग्या, अर्ज, तपासणीसाला आणणं-पोचवणं हे भाऊंकडे. बांधणं नवऱ्याकडे.

पहिली तीन वर्षं मी त्या शेडकडे जवळजवळ फिरकलेच नाही. आमच्या करंजाड्याच्या घरून रिक्षाने जायचं, शेवटचा कच्चा रस्ता पायी तुडवायचा, आणि पोचल्यावर ओहोटीच्या चिखलाचा कुबट वास, वर पत्र्याखाली बसलेली कबुतरं. पंखांवर प्लॅस्टिक घातलेलं असे आणि त्यावर कबुतरांची घाण वाळलेली. नवरा त्या प्लॅस्टिकवर बोट फिरवून खालचा पंख दाखवायचा. मी रुमाल नाकाला लावून बघायचे.

मग इंधनाचं काम आलं. ते त्यांनी सगळ्यात शेवटी ठेवलं होतं.

मी बेलापूरच्या एका ऑफिसात तीस वर्षं रासायनिक कारखान्यांच्या नळ्यांची ड्रॉइंग काढली. कुठली नळी कुठून निघते, तिला उतार कुठे हवा, हवा कुठे अडकेल, पाणी कुठे साचेल, हेच माझं आयुष्य. भाऊ एकदा घरी आले होते, चहा पिता पिता म्हणाले, "वैनी, तुमी नळ्यांच्या इंजिनेर ना? मग आमची पेट्रोलची लाइन तुमी का नाय काढत?"

नवरा म्हणाला, "अगं, दोन टाक्या, एक नळी, एक कॉक. दुपारभराचं काम आहे तुला."

मला ते "दुपारभराचं" आवडलं नाही, म्हणूनच मी होकार दिला असेन. दोन महिने वाचत बसले. वाचताना कळलं की घरी बांधलेल्या विमानांच्या गोष्टींमध्ये इंजिन मोडल्याचे प्रसंग त्या मानाने थोडे. धडधाकट इंजिन हवेत गप्प होतं, कारण त्याच्यापर्यंत पेट्रोल पोचत नाही. नळीत हवेचा बुडबुडा अडकतो. टाकीच्या तळाला कचरा असतो. टाकीत हवा आत यायला जी बारीक नळी ठेवलेली असते तिच्या तोंडात कुंभारमाशी मातीचं घर करते, आणि टाकी आतल्या आत आवळली जाते. भाऊंच्या शेडमध्ये तर त्या माश्यांनी प्रत्येक भोकाला घर केलं होतं, नवऱ्याच्या ड्रिलच्या खोक्यालासुद्धा.

ड्रॉइंग काढायला मला मजा आली, हे सांगायला हवं. पंख वर असल्यामुळे पेट्रोल आपल्या वजनाने खाली उतरणार होतं, पंपाची गरज नव्हती. मी दोन्ही पंखांतल्या टाक्यांना पुढून आणि मागून अशा दोन दोन वाटा दिल्या, कारण विमान नाक वर करून चढतं तेव्हा पेट्रोल मागे जातं आणि पुढची वाट कोरडी पडते. नळ्यांना कुठेही उलटा चढ ठेवला नाही. सगळ्यात खालच्या जागी गाळणीची वाटी ठेवली, तिथून रोज सकाळी थोडं पेट्रोल काढून बघायचं, पाणी किंवा घाण आहे का. टाकीला वरून एक झाकण दिलं, हात आत जाईल एवढं, कधी तपासायची वेळ आली तर. नवऱ्याला डावी टाकी, उजवी टाकी, दोन्ही, बंद, असा चार खुणांचा पितळी कॉक हवा होता. तो त्याने आधीच पॉलिश करून ठेवला होता. मी फक्त चालू आणि बंद असा साधा कॉक काढला. घाबरलेल्या माणसाला जितकं कमी निवडावं लागेल तितकं बरं. त्यावर आमचं पहिलं भांडण झालं. भाऊ माझ्या बाजूने बोलले आणि पितळी कॉक शेडच्या खिळ्यावर लटकत राहिला.

खरं भांडण टाक्यांवरून झालं.

मी ड्रॉइंग काढायच्या आधीच टाक्या तयार होत्या. नवऱ्याने त्या फायबरच्या केल्या होत्या, कारखान्यात पस्तीस वर्षं वापरलेल्याच रेझिनमध्ये, फायबरला टणक करणाऱ्या त्या राळेत. पांढऱ्या, गुळगुळीत, कडांना कुठेही बुडबुडा नाही. तो त्यांच्यावरून हात फिरवायचा. माझ्या ड्रॉइंगसाठी त्याने नुसतं झाकणाचं भोक पाडून घेतलं.

"यात कुठलं पेट्रोल भरणार?" मी विचारलं.

"पंपावरचं. दुसरं कुठून आणायचं? विमानाचं पेट्रोल इथे सुट्टं मिळतं का?"

"पंपावरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. साध्या रेझिनला ते मऊ करतं. अ‍ॅल्युमिनियमच्या टाक्या करून घेऊ."

"मला रेझिन शिकवू नकोस. पस्तीस वर्षं हात घातलाय मी त्यात."

"त्या टाक्यांमध्ये तुम्ही पाणी भरत होतात."

हे मी भाऊंसमोर बोलले. बोलायला नको होतं. तो ब्रश धुवायला गेला आणि बराच वेळ धूत राहिला.

शेवटी ठरलं की परीक्षा घ्यायची. टाकी बनवताना उरलेल्या फायबरच्या पट्टीतून मी सारखे दोन तुकडे कापले. एकाच्या कडेला करवतीने एक खाच मारली, दुसऱ्याला दोन. एक खाचेचा तुकडा लोणच्याच्या रिकाम्या बाटलीत, पंपावरच्या पेट्रोलमध्ये बुडवला. दोन खाचांचा कोरडाच शिवणयंत्राच्या खणात ठेवला, नंतर ताडून बघायला. बाटली घट्ट बंद करून गॅलरीत सावलीला, वाळूच्या बादलीत. सहा आठवडे थांबायचं. तुकडा जसाच्या तसा राहिला तर टाक्या राहतील, नाहीतर निघतील. भाऊ म्हणाले, "मना मान्य हाय." नवऱ्याने मान हलवली.

आमच्या गॅलरीत कपडे वाळत घालतात. झाकण कितीही घट्ट लावलं तरी वास यायचा. उशांच्या अभ्र्यांना यायचा. कणीक मळताना मला हातांना येतोय असं वाटायचं, हात तीनदा धुतले तरी. तेव्हापासून पेट्रोल पंपावर रिक्षा थांबली तरी मला मळमळतं.

नवरा थांबला नाही. "तोवर काम खोळंबायला नको" म्हणून त्याने टाक्यांच्या आतून गळती रोखणाऱ्या सीलंटचा थर फिरवला, त्या पंखात बसवल्या, माझ्या ड्रॉइंगप्रमाणे नळ्या जोडल्या आणि गळती बघायला पेट्रोल भरलं. नळ्यांचं काम त्याने सुरेख केलं होतं, ते नाकारणार नाही. मी जाऊन पेट्रोल किती वेगाने उतरतं ते मोजलं. विमानाचं नाक ठोकळ्यांवर उंच करून, बादली आणि घड्याळ घेऊन. इंजिनाला हवं त्याच्या दुपटीच्या जवळ येत होतं. नवीन टाकी, नवीन पेट्रोल, येणारच. ते पेट्रोल मग टाक्यांतच राहिलं. एप्रिल होता. शेडचा पत्रा असा तापायचा की आत उभं राहवत नसे.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी मला गॅलरीतल्या बाटलीतलं पेट्रोल कोऱ्या चहासारखं दिसलं. मी नवऱ्याला दाखवलं. "पेट्रोल पिवळंच असतं," तो म्हणाला. त्यानंतर बहिणीच्या ऑपरेशनसाठी मला दहा दिवस पुण्याला जावं लागलं.

सहा आठवडे झाल्यावर मी बाटली स्वयंपाकघराच्या ओट्यावर आणली, खिडक्या उघडल्या आणि चिमट्याने तुकडा बाहेर काढला. नवरा माझ्या मागे कप पुसत उभा होता. तुकडा टणक होता. नखाने दाबला, ओरखडा उठला नाही. पेट्रोल नितळ होतं.

"बघ," तो म्हणाला. "काही झालं नाही."

तुकड्याच्या कडेला दोन खाचा होत्या.

मी त्या पाहिल्या. अंगठा त्यांच्यावरून फिरवला, एक, दोन. मला वाटलं, आपलीच चूक झाली असेल, दोन खाचांचा बुडवला असेल. दुसऱ्या क्षणी वाटलं, नाही, मी एक खाचेचाच बुडवला होता, मला पक्कं आठवतंय. शिवणयंत्र चार पावलांवर होतं. खण उघडला असता तर तिथेच सगळं मिटलं असतं. मी उघडला नाही. दोन महिने मी त्या घरात आणि त्या शेडमध्ये नाही म्हणणारी बाई झाले होते. हा कॉक नको, ही टाकी नको, हा वळसा नको. मला त्याचा कंटाळा आला होता. मी तुकडा कागदात गुंडाळला आणि ड्रॉइंगच्या कोपऱ्यात सही केली.

त्या सहीची जितकी शिसारी मला येते तितकी नवऱ्याची येत नाही.

इंजिन पहिल्यांदा सुरू करायचं म्हणून भाऊंच्या नातलगांनी सोहळाच करून टाकला. भाऊंना तो नको होता, पण गावात असं काही लपून राहत नाही. मे महिन्यातली रविवारची सकाळ. शेडपुढे मांडव, खुर्च्या, स्पीकर. एक स्थानिक पुढारी आला, त्याच्यासोबत पांढऱ्या कपड्यांतले सातआठ जण. त्यांतल्या एकाने पंखाच्या टोकाला धरून विमान हलवून बघितलं, बंद पडलेली गाडी ढकलतात तसं. एक जण गुटखा खाऊन शेडच्या दारातच थुंकला, जिथे नवऱ्याने आदल्या दिवशी फरशी धुतली होती. कोणीतरी प्रोपेलरला झेंडूचा हार घातला. मी तो काढायला सांगितला, तर पुढारी म्हणाला, "राहू द्या हो मॅडम, शुभ असतं." हार भाऊंनी स्वतः काढला. लोक पंखाखाली उभे राहून मोबाइलवर फोटो काढत होते आणि वर बघून विचारत होते, "यात बसून खरंच जाणार?" नवा शर्ट घातलेला नवरा प्रत्येकाला टाक्यांबद्दल सांगत होता.

मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, "गाळणीतून नमुना काढलात?"

"सकाळीच काढला. स्वच्छ आहे."

मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं, पण तेवढ्यात भाऊ आत बसले होते आणि सगळे मागे सरकत होते. मी पण सरकले.

इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं. टाळ्या झाल्या. विमान दोरखंडाने खांबाला बांधलेलं होतं, ते थरथरायला लागलं आणि धुळीने पुढाऱ्याचे कपडे मळले, तेवढंच मला बरं वाटलं. भाऊंनी वेग वाढवला. तीनेक मिनिटं सगळं नीट. मग एक ठसका, पुन्हा एक, आणि इंजिन बंद पडलं. भाऊंनी दोनदा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा आवाजच आला नाही. मांडवात कोणीतरी हसलं. स्पीकरवाल्याने गाणं लावलं.

लोक गेल्यावर आम्ही तिघं राहिलो. मी गाळणीच्या वाटीचा कॉक उघडला. जिथून धार यायला हवी तिथून थेंब थेंब येत होतं. म्हणजे वरच कुठेतरी बंद झालं होतं. स्टुलावर चढून मी डाव्या टाकीचं झाकण उघडलं आणि हात आत घातला.

बोटांना आधी पेट्रोलचा गारवा लागला, मग काहीतरी मऊ. मी ते धरून वर काढलं. तापवलेल्या दुधावरची साय काढावी तशी एक लांबच लांब पापुद्र्याची पट्टी बाहेर आली, तपकिरी, लिबलिबीत, टोकाला शेंबडासारख्या तारा सुटलेल्या. सीलंटचा थर सुटून आला होता आणि पेट्रोलच्या वाटांच्या तोंडाशी असलेल्या जाळीवर जाऊन बसला होता. पुन्हा हात घातला आणि टाकीचा तळ नखाने खरवडला. नखात रेझिन आलं, ओल्या साबणासारखं. त्याने माझा उजवा हात कोपरापर्यंत माखला. रॉकेलने, साबणाने, वाळूने धुतलं, तरी त्या रात्री मी डाव्या हाताने जेवले.

भाऊ ती पट्टी बघत उभे होते. मग शांतपणे म्हणाले, "पुढच्या आठवड्यात ट्रकवर घालून घाटावर न्यायचा होता. हवेत असतो तं?"

नवरा लगेच म्हणाला, "पेट्रोलच भेसळीचं दिलंय. शंभर टक्के. त्या पंपवाल्याला धरायला पाहिजे."

भाऊंनी गाडीची किल्ली काढली. ते खरंच पंपावर जायला निघाले होते. मी म्हटलं, "आज नको, उद्या बघू." एवढंच बोलले. निर्दोष माणसाच्या अंगावर दोष ढकलला जात होता, आणि मी फक्त एक दिवस पुढे ढकलला.

घरी आल्या आल्या मी शिवणयंत्राचा खण उघडला. दोऱ्यांची रिळं होती, टेप होती, तुकडा नव्हता.

नवरा सोफ्यावर बसून बूट काढत होता. मी विचारलं, "एक खाचेचा कुठे आहे?"

तो बुटाच्या नाडीशी खेळत राहिला.

"टाकून दिला," तो म्हणाला. "तू पुण्याला होतीस तेव्हा. वाकला होता तो."

"वाकला होता, आणि तुम्ही कोरडा तुकडा आत टाकलात."

"पेट्रोलही बदललं. अगं, आतून सीलंट होतं ना टाकीला. तुझ्या तुकड्याला नव्हतं. ती परीक्षाच बरोबर नव्हती."

"मग तसं सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर तू हो म्हणाली असतीस? तू कशालाच हो म्हणत नाहीस. मला तीन वर्षं झाली त्या शेडमध्ये. मला ते उडताना बघायचं होतं."

माझ्याशी लग्नाला चौतीस वर्षं झालेला माणूस. गॅसचं बटण बंद आहे का हे झोपण्याआधी दोनदा बघणारा. त्याने माझ्या गैरहजेरीत स्वयंपाकघरातल्या चिमट्याने तो तुकडा काढला असेल, कचऱ्याच्या पिशवीत टाकला असेल, बाटलीतलं पेट्रोल मोरीत ओतलं असेल, नवीन भरलं असेल, झाकण पुसलं असेल. हे सगळं करताना त्याचा चेहरा कसा होता, ते मी मनात सारखी बघत होते. आणि त्यानंतर मला पुण्याला फोन करून त्याने विचारलं होतं, ताईला सूप चालतं का.

मी म्हटलं, "त्या विमानात भाऊ बसणार होते."

"मीही बसणार होतो," तो म्हणाला. हे त्याने उत्तर म्हणून दिलं, आणि ते त्याला खरोखर पुरेसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटी भाऊंकडे गेले. ते ओटीवर पेपर वाचत होते. मी सगळं सांगितलं, तुकड्यापासून सहीपर्यंत. पंपवाल्याचा काही दोष नाही हे आधी सांगितलं. ऐकता ऐकता ते पेपरची घडी घालत राहिले, लहान, आणखी लहान.

मग म्हणाले, "वैनी, त्या दोन खाचा तुमाला तवाच दिसल्या व्हत्या ना?"

"दिसल्या होत्या."

"मग तुमी का नाय बोलल्या?"

कंटाळा आला होता, असं मी त्या माणसाला कसं सांगणार? त्यांच्या घरातून पाणी आलं, ते मी प्यायले.

"त्याचा मना एक येळ समजतो," भाऊ म्हणाले. "इमान म्हंजे त्याचा पोर, त्याला कुरूप कसा म्हणंल? पण तुमी तं नुसत्या नळ्या बघायला व्हत्या. तुमाला कसली माया?"

ते रागावले असते तर सोपं गेलं असतं. घरी परतताना रिक्षात मला स्वतःच्या अंगाचा वास येत होता, आणि तो पेट्रोलचा नव्हता.

भाऊंनी काम थांबवलं नाही. आठवडाभराने ते आमच्याकडे आले, नवऱ्यासमोर बसले आणि सांगितलं, पेट्रोलच्या कुठल्याही वस्तूला आता तू हात लावायचा नाय, बाकी विमान तुझंच हाय. नवरा रडला. मला त्याची दया यायला हवी होती. मला त्याचं नाक पुसणंही बघवेना, मी आत निघून गेले.

पावसाळाभर फायबरच्या टाक्या पंखातून कापून काढण्याचं काम चाललं. बाहेर काढल्यावर त्या एका बाजूने खचल्या होत्या, उन्हात राहिलेल्या मेणासारख्या. नळ्याही सगळ्या बदलल्या, कारण तो चिकटा आतपर्यंत गेला होता आणि माझा त्या धुण्यावर विश्वास नव्हता. पनवेलच्या बाजारामागे एक वयस्क मुस्लिम कारागीर आहे, दुधाच्या टँकरची वेल्डिंग करणारा. त्याने माझं ड्रॉइंग उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "बाजी, इसमें हवा कहाँ से आएगी?" मी कोपऱ्यातली हवेची बारीक नळी दाखवली; पाच महिन्यांत हा प्रश्न विचारणारा तो पहिला माणूस. त्याने अ‍ॅल्युमिनियमच्या दोन टाक्या केल्या, साबणाचं पाणी लावून हवेच्या दाबाने माझ्यासमोर तपासल्या. पेट्रोल भरून मी त्या दोन महिने तशाच ठेवल्या, दर आठवड्याला झाकण उघडून हात घातला, जाळ्या काढून पांढऱ्या फडक्यावर झटकल्या. वेग पुन्हा पुन्हा मोजला. एकदाही सही केली नाही, भाऊंना शेजारी उभं करून त्यांनाच बघायला लावलं.

घरात आम्ही बोलत होतो. भाजी कुठली, गॅसचा नंबर कधी लावला, एवढं. गॅलरीतल्या वाळूच्या बादलीत नवऱ्याने कोथिंबीर लावली. ती चांगली उगवली. मी ती जेवणात वापरली नाही, विकतची आणत राहिले, आणि त्याच्या ते लक्षात येत होतं.

विमान जानेवारीत घाटावर गेलं. नियमाने ठरलेले चाचणीचे सगळे तास भाऊंनी एकट्याने विमान उडवलं. मी एकदाही बघायला गेले नाही. दर वेळी उतरल्यावर त्यांचा फोन यायचा, "वैनी, जाळी साफ हाय." दुसरं काही बोलत नसत.

मार्चमध्ये त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. दुसऱ्या माणसाला घेऊन जाण्याची परवानगी आली होती. मोकळ्या माळावर मुरमाची पट्टी, कडेला एक छपरी. मला वाटलं पहिला मान नवऱ्याचा. तो तयारीतच आला होता, टोपी घेऊन. भाऊ म्हणाले, "आधी वैनी." नवऱ्याने टोपी काढून माझ्याकडे दिली, ऊन लागेल म्हणाला, आणि आग विझवायचा सिलिंडर घेऊन पट्टीच्या कडेला जाऊन उभा राहिला.

मी नाही म्हणणार होते. पण दुसऱ्याच्या जिवावर सही केलेल्या बाईला नाही म्हणायची सोय नव्हती. बसले. पट्टा आवळला. निघण्याआधी गाळणीचा नमुना मी स्वतः बाटलीत घेऊन उन्हाकडे धरून बघितला होता.

वर गेल्यावर लोक काय बघतात मला माहीत नाही. भाऊ बोट दाखवून धरण दाखवत होते, उसाचे पट्टे दाखवत होते. माझी नजर डोक्याजवळच्या काचेच्या नळीवर होती, जिच्यात टाकीतलं पेट्रोल किती उरलंय ते दिसतं. विमान चढलं तशी पातळी मागे कलली, मी ड्रॉइंगमध्ये काढली होती तितकीच. इंजिनाचा आवाज एकसारखा होता. मला आनंद झाला, खूप झाला, इतका की डोळ्यांत पाणी आलं. त्याची मला लाज वाटली. आणि त्याच वेळी खाली तो एकटा सिलिंडर धरून उभा होता, एवढासा, मान वर करून. त्याच्या हातचं लाकूड, त्याने ताणलेलं कापड माझ्या दोन्ही बाजूंना होतं. मी त्याच्यावर चिडलेली होते आणि त्याने बांधलेल्या पंखावर निवांत बसले होते.

उतरल्यावर मी पट्टा सोडत होते तेव्हा तो पळत आला. धाप लागली होती.

"कसं वाटलं?" त्याने विचारलं.

"तुम्ही बसाल त्या बाजूची टाकी जरा जास्त रिकामी झालीय," मी म्हटलं. "जाण्याआधी भरून घ्या. भाऊ भरतील."

त्याने मान हलवली आणि मला खाली उतरायला हात दिला. मी तो धरला, खाली उतरले, आणि नळावर जाऊन हात धुतले.